पुरावा दिला की माणूस आणखी हट्टाला पेटतो?

‘त्याला खरं सांगू नकोस, उलट जास्तच अडून बसेल.’ हा सल्ला मानसशास्त्राच्या नावाने दिला जातो. त्याचं मूळ २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे.

त्यात ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफलर या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी लोकांना इराकच्या महासंहारक शस्त्रांबद्दलची बातमी वाचायला दिली. काहींच्या बातमीखाली ‘तसे साठे सापडले नाहीत’ असा खुलासा जोडला होता. तो वाचून परंपरावादी (उजव्या विचारांच्या) मंडळींचा ‘इराककडे ती शस्त्रं होती’ हा विश्वास उलट वाढला. पण त्याच जोडीने पुन्हा प्रयोग केला तेव्हा सरसकट तसं घडलं नाही. हे मात्र फारसं कुणी सांगत नाही!

पुढे थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी १० हजारांहून अधिक लोकांवर ५२ विषय तपासले. हा उलटा परिणाम त्यांना जवळजवळ सापडलाच नाही. लोक पुराव्याकडे सरकले, अगदी आपल्या पक्षाला न परवडणाऱ्या पुराव्याकडेसुद्धा.

मग या दोन्ही जोड्यांतल्या चौघांनी मिळून ट्रम्प यांच्या २०१६च्या भाषणातला गुन्हेगारी वाढल्याचा दावा घेतला. आकडे दाखवल्यावर समर्थकांचाही समज सुधारला. ट्रम्प यांच्याबद्दलचं मत मात्र तसूभर हललं नाही. खरी गोम इथे आहे. आकडा मान्य करायचा आणि निष्ठा तशीच ठेवायची, हे माणसाला सहज जमतं.

म्हणजे घडा अगदीच पालथा नाही. घरच्या ग्रुपवर काकांनी खुलासा वाचून नुसता अंगठा दाखवला, तरी तो वाया गेला असं समजू नका. फक्त त्यांचं मतही त्याच दिवशी बदलेल, ही अपेक्षा ठेवू नका.