झोपाळा (बडोद्याच्या घरातला)

झोपाळा म्हणजे छताला किंवा तुळईला चार सळ्यांनी नाहीतर साखळ्यांनी टांगलेला लाकडी पाट, ज्यावर दोन-तीन माणसं आरामात बसतात आणि पायाने हलकासा रेटा देत झोके घेतात. बडोद्यात हा प्रकार गुजराती घरांत हिंचको म्हणून असतो आणि मराठी घरांतही तितकाच असतो, किंबहुना दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग वगैरे जुन्या मराठी वस्तीत गेलात तर ज्या दिवाणखान्यात सोफा नाही तिथेही झोपाळा सापडेल. ही नोंद मुख्यतः त्याच्याकडे घराच्या सजावटीतला भाग म्हणून बघते, म्हणजे तो कुठे टांगायचा, किती जागा सोडायची, हूक कसा हवा, भोवती काय ठेवायचं आणि काय अजिबात ठेवू नये. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, झोपाळा घ्यायचा असेल तर तो सगळ्यात आधी ठरवा, सोफा-टीव्ही-पडदे नंतर. लोकं बरोब्बर उलटं करतात आणि मग उरलेल्या कोपऱ्यात झोपाळा टांगतात, जिथे तो हलतच नाही, नुसता कपडे वाळत टाकायला उपयोगी पडतो.

मराठी घरात तो कसा आला

गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात मराठी घराणी इथे आली, १७३४ पासून बडोदं कायमचं गायकवाडांकडे राहिलं आणि मग कारभारी, शिलेदार, भिक्षुक, पुढे सयाजीराव तिसरे यांच्या काळात (१८७५ ते १९३९) शिक्षक, वकील, इंजिनियर असे सगळे इथलेच झाले. या लोकांच्या घरांत कोकण-देशावरची ओसरी, माजघर, कोनाडे होते, तसं गुजराती लाकूडकामही होतं. याचा चांगला नमुना अजून बघता येतो तो म्हणजे रावपुऱ्याजवळचा तांबेकर वाडा, १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचं हे घर. भिंतींवर, दारांवर, कपाटांवर महाभारत आणि कृष्णलीलेपासून मराठे-इंग्रज लढाईपर्यंत चित्रं रंगवलेली आहेत आणि आता ते पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. सजावटीसाठी नुसतं बघायला जायचं असेल तर राजवाड्यापेक्षा हे बघा असं मी म्हणेन, कारण १८९० साली पुरा झालेला लक्ष्मीविलास पॅलेस कितीही भव्य असला तरी त्यातलं काही आपल्या टू बीएचकेत बसणार नाही, वाड्यातला कोनाडा मात्र बसेल.

झोपाळ्याचं धार्मिक निमित्तही दोन्हीकडे आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला मराठी बायका गौरीला छोट्या झोपाळ्यात किंवा पाळण्यात बसवतात आणि अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हं चालतं, तर वैष्णव हवेल्यांमध्ये (म्हणजे त्यांच्या कृष्णमंदिरांत) श्रावणात ठाकोरजींचे, म्हणजे कृष्णाचे, हिंडोळे सजतात. त्यामुळे या गावात छताला कडी असणं यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

हूक

सगळा खेळ हुकाचा आहे. जुन्या घरात सागाच्या तुळया होत्या, त्यात आरपार बोल्ट घालून कडी लावली की झालं, आणि छत १२-१३ फुटांवर. आत्ताच्या फ्लॅटमध्ये स्लॅब साडेचार-पाच इंचाचा आणि उंची साडेनऊ ते दहा फूट, तिथे नीट विचार करावा लागतो.

आधी वजन बघा. ७० किलोची तीन माणसं धरली तर २१०, पाट आणि सळ्यांचे अजून ३०-४०, म्हणजे २५० किलो नुसतं बसल्यावर. झोका घेताना खालच्या बिंदूला ताण वाढतो, ३० अंशांपर्यंतच्या झोक्याला साधारण सव्वापट आणि पोरांनी उभं राहून ६० अंशांपर्यंत नेला तर चक्क दुप्पट. म्हणून दोन्ही हूक मिळून किमान हजार किलो पेलतील असेच हवेत, यात काटकसर करायची नाही. पंख्याच्या हुकाला झोपाळा टांगणारे लोक आहेत, त्यांना काय म्हणावं.

घर बांधत असाल तर सोपं आहे. स्लॅब भरायच्या आधी १६ मिलीमीटरच्या सळईचे हूक वाकवून घ्या, त्यांचे पाय स्लॅबच्या सळयांच्या वरून घेऊन तारेने पक्के बांधा आणि मगच काँक्रीट पडू द्या, कडियाला (म्हणजे आपल्या गवंड्याला) हे समोर उभं राहूनच सांगावं लागतं, फोनवर सांगून होत नाही. शक्य असेल तर हूक बीमखालीच येईल असं बघा. तयार फ्लॅट असेल तर बीममध्ये केमिकल अँकर (भोकात चिकटणारं केमिकल भरून त्यात बोल्ट बसवायचा) हा रस्ता आहे, पण ते भोक मारणाऱ्याचं काम चोख हवं, भोकातली धूळ नीट फुंकून काढली नाही तर केमिकल धरतच नाही. वरचा मजला किंवा गच्ची आपलीच असेल तर आरपार बोल्ट आणि वर लोखंडी प्लेट हे सगळ्यात खात्रीचं, फक्त गच्चीवर वॉटरप्रूफिंग पुन्हा करून घ्या नाहीतर पावसाळ्यात झोपाळ्यावरच पाणी. नवीन उंच बिल्डिंगमध्ये काही ठिकाणी स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात, पोस्ट टेन्शन म्हणतात त्याला, तिथे विचारल्याशिवाय ड्रिल लावायचंच नाही, केबल तुटली तर प्रकरण तुमच्या घरापुरतं राहत नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरची फी ही या सगळ्यात सर्वात स्वस्त गोष्ट आहे.

पीओपीची किंवा जिप्समची खोटी सीलिंग असेल तर हूक तिच्या वर खऱ्या स्लॅबलाच, सीलिंगला फक्त सळई जाण्यापुरतं भोक. हे सीलिंग करायच्या आधी ठरलेलं असलं तर बरं, म्हणून म्हटलं झोपाळा आधी.

दोन हुकांमधलं अंतर पाटाच्या लांबीपेक्षा थोडं जास्त ठेवावं, दोन्ही बाजूंना तीन-चार इंच. सळ्या अगदी सरळ उभ्या असल्या की पाट आडवा, म्हणजे डावी-उजवीकडेही लचकतो, वरून थोड्या फाकलेल्या असल्या की फक्त पुढे-मागे जातो.

जागा आणि मापं

पाट दोन माणसांना ४ फूट बाय २ फूट पुरतो, तिघांना ५ फूट. जाडी दीड इंच, सागवान. बसायची उंची जमिनीपासून १७-१८ इंच, गादीसकट मोजायची, लोकं पाटापर्यंत मोजतात आणि मग वर चार इंचाची गादी टाकली की आजींचे पाय लटकतात. घरात म्हातारी माणसं असतील तर इंचभर खालीच ठेवा.

झोक्याला किती जागा लागते याचा हिशोब असा की दहा फुटी छताखाली लोंबती लांबी बसलेल्या माणसासकट साधारण सव्वादोन मीटर येते, त्यात १० अंशांचा हळू झोका म्हणजे पुढे-मागे सव्वा फूट आणि २० अंशांचा म्हणजे अडीच फूट. त्यात पुढे पसरलेले पाय धरा. म्हणून मागे ३ फूट, पुढे ४ फूट आणि पाटाचे २, असे ९ फूट मोकळे मिळाले तर उत्तम. हॉल १० बाय १४ चा असेल तर झोका १४ च्या दिशेने जाईल असा टांगा, १० च्या दिशेने टांगलात तर अख्खी खोली झोपाळ्यालाच गेली. एवढी जागा नसेल आणि नुसतं हळूहळू डुलायचं असेल तर मागे दोन फुटांतही भागतं पण भिंतीवर डोक्याच्या तेलाचे आणि पाटाच्या कोपऱ्याचे डाग पडणार हे धरून चाला, तिथे धुता येणारा रंग लावा.

लांबीचा अजून एक परिणाम आहे जो दुकानात कोणी सांगत नाही. झोक्याची गती वजनावर अवलंबून नसते, लांबीवर असते. जुन्या वाड्यात १३ फुटांवरून टांगलेला झोपाळा एक फेरी साडेतीन सेकंदांत करतो, फ्लॅटमधला तीन सेकंदांत आणि स्टँडवरचा जेमतेम सव्वादोन-अडीच सेकंदांत. जुन्या झोपाळ्यावर डुलकी लागते आणि स्टँडच्या झोपाळ्यावर नुसतं हलल्यासारखं वाटतं ते यामुळेच, त्यात लाकडाचा काही दोष नाही. म्हणून जिथे उंची मिळते तिथे टांगा, डुप्लेक्समध्ये दोन मजली उंचीचा चोक (म्हणजे चौक) असेल तर तिथे.

हवा-उजेडाचंही बघायला हवं. बडोद्यात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा त्या बाजूच्या खिडकीच्या रेषेत झोपाळा आला तर पंख्याची गरज कमी पडते. पण पश्चिमेचं ऊन दुपारी तीननंतर तिरपं आणि जहाल येतं, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, साध्या छज्जाने ते अडत नाही, तिथे बाहेरून चिक किंवा बांबूची तट्टी लावा. पंख्याच्या थेट खाली झोपाळा नको, पोरं पाटावर उभी राहतातच. लोंबता दिवा झोक्याच्या वाटेत नको. वाचायला उजेड हवा असेल तर मागच्या भिंतीवर खांद्याच्या वर येईल असा ब्रॅकेट.

भोवती काय

झोपाळा स्वतः इतका दिसतो की बाकी खोली गप्प असलेली बरी. समोर दोन खुर्च्या किंवा एक दिवाण, एल आकाराचा सोफा शक्यतो नकोच. मधलं सेंटर टेबल तर अजिबात नको, नडग्या फुटतात. चहाचा कप ठेवायला बाजूच्या भिंतीत कोनाडा किंवा हाताला येईल असं शेल्फ करा. खाली गालिचा घालायची हौस असते पण पाय घासून त्याची कड गुंडाळत जाते, त्यापेक्षा उघडी फरशी बरी, फक्त चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल असेल तर मोजे घालून रेटा देऊ नका. गादीचे अभ्रे चेनवाले आणि गडद रंगाचे, कारण रविवारी शेवउसळीची बशी घेऊन माणूस झोपाळ्यावरच बसतो आणि तो लाल रस्सा पांढऱ्या कापडाला सोडत नाही.

टीव्हीसमोर झोपाळा लावावा का यावर घराघरात भांडणं आहेत. लावू नये. हलत हलत टीव्ही बघून डोकं दुखतं आणि झोपाळ्यावर बसून माणसांशी बोलायचं असतं.

संखेड्याचं काम

बडोद्यापासून साधारण ५० किलोमीटरवर ओरसंग नदीकाठी संखेडा गाव आहे, आता छोटा उदेपूर जिल्ह्यात येतं. तिथले खरादी (म्हणजे कातारी) सागाच्या कातीव लाकडावर लाखेचं काम करतात. मरून आणि सोनेरी ही मूळ जोडी, सोनेरी दिसणारं प्रत्यक्षात सोनं नसतं, कथील सरसाबरोबर कुटून केलेल्या लेपाची नक्षी असते, वर लाखेचा थर चढला की ती सोन्यासारखी झळकते. लेप अकीक दगडाने घोटतात, लाख पसरवायला केवड्याचं पान वापरतात. इथला स्टँडवाला झोपाळा लग्नात मुलीला द्यायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना स्टँड हाच एकमेव पर्याय, हूक मारायला घरमालक देत नाही.

या कामाची रंगसंगती भडक आहे, हे मान्य करूनच घ्या. मागची भिंत पांढरी किंवा फिकट पिवळी ठेवा, अजून एक नक्षीदार वॉलपेपर लावलात तर खोलीत बसवत नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, तेव्हा पुसायला सॅनिटायझर, थिनर, काच पुसायचं औषध काही नाही, फक्त कोरडा मऊ कपडा. गरम कप थेट ठेवू नका, पांढरा गोल उमटतो. सतत उन्हात ठेवू नका. सागात आतलं तपकिरी लाकूड वाळवीला दाद देत नाही पण कडेचं पांढरट लाकूड खाल्लं जातं, विकत घेताना पाट उलटा करून बघा.

गॅलरीतला झोपाळा

गॅलरीत टांगणार असाल तर झोका कठड्याला समांतर ठेवा, कठड्याच्या दिशेने नाही. पाटावर उभ्या राहिलेल्या मुलाला मीटरभर उंचीचा कठडा जेमतेम मांडीपर्यंत येतो. आणि बाहेर काढलेल्या गॅलरीच्या टोकाला हूक मारायच्या आधी इंजिनियरला विचाराच, त्या स्लॅबचं गणित हॉलच्या स्लॅबपेक्षा वेगळं असतं. वेताच्या अंड्यासारख्या एकट्याच्या झुल्याला हे सगळं लागत नाही, तो त्याच्या स्टँडवर येतो, पण त्यावर गप्पा होत नाहीत.

देखभाल

हत्ती, मोर, पोपट असलेल्या पितळी सळ्या पावसाळ्यात काळ्या पडतात, चिंच किंवा पितांबरीने घासायच्या, धुऊन लगेच कोरड्या करायच्या. करकर वाजायला लागलं की हुकात ग्रीस, खोबरेल तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. पितळ लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे कडीला कडी जिथे टेकते तिथे खाच पडते, ती अर्धी झिजेपर्यंत थांबू नका, कडी बदलून घ्या. लहान मूल असेल तर पाटाच्या कडा गोल करून घ्या, रिकामा पाट हेलकावत असताना त्याचा कोपरा बरोबर मुलाच्या कपाळाच्या उंचीवर येतो, आणि कोणी बसलेलं नसेल तेव्हा मागे दोरीने बांधून ठेवा. गणपतीत बऱ्याच घरांत मखरासाठी जागा करायला पाट काढून ठेवतात, तेव्हाच शिडी लागलेली असते तर हुकाजवळ स्लॅबला चीर गेली आहे का, बोल्ट ढिले झालेत का हे बघून घ्या आणि काही शंका आली तर विसर्जनानंतर इंजिनियरने बघेपर्यंत पाट चढवू नका.