वाइनचे डिकँटिंग

बाटलीतील वाइन पिण्यापूर्वी दुसऱ्या, बहुधा काचेच्या व पसरट बुडाच्या भांड्यात ओतून घेण्याची क्रिया. या भांड्यास डिकँटर म्हणतात. तळाशी बसलेला गाळ बाटलीतच मागे ठेवणे आणि वाइनला हवा लागू देणे, हे तिचे दोन हेतू. जुनी रेड वाइन व व्हिंटेज पोर्ट (पोर्तुगालची गोड, कडक वाइन) यांच्या बाबतीत पहिला हेतू मुख्य. घरोघरी उघडल्या जाणाऱ्या एक-दोन वर्षांच्या वाइनच्या बाबतीत दुसरा.

या प्रथेचा उगम निश्चित सांगता येत नाही. रोमन काळात मद्य वाढण्यासाठी काचेची भांडी वापरत. प्रबोधनकाळात व्हेनिसच्या कारागिरांनी अरुंद मान व रुंद पोट असलेली भांडी घडवली. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी 1674 मध्ये स्फटिकासारख्या काचेचे पेटंट घेतले. शिसेयुक्त काचेची जड, चकचकीत भांडी त्यानंतर प्रचारात आली. काचेचे बूच साधारणपणे 1730 च्या सुमाराचे मानतात. त्या काळी वाइन पिंपातून येई व गढूळ असे, म्हणून ती निवळून घेणे ही गरज होती, असे एक मत. डिकँटर ही मुख्यतः श्रीमंतांच्या मेजावरची शोभा होती, असे दुसरे. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, कारण गढूळ मद्याची अडचण केवळ युरोपची नव्हती. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदग्रंथात (बहुधा तेरावे-चौदावे शतक) सुरेचे थर सांगितले आहेत: वरची स्वच्छ ती प्रसन्ना, तिच्याखालची घट्ट कादंबरी, त्याखाली जगल आणि सर्वांत दाट मेदक. प्रसन्नेचा उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रातही आहे. मात्र ही सुरा पिष्टापासूनची, म्हणजे धान्याच्या पिठाची. द्राक्षरसाच्या मद्याला अर्थशास्त्रात ‘मधु’ म्हटले असून त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार दिले आहेत.

गाळात प्रामुख्याने टॅनिन (द्राक्षांच्या साली-बियांतील तुरट द्रव्य) व रंगद्रव्ये यांचे जोडले गेलेले मोठे रेणू आणि पोटॅशियम बायटार्टरेटचे स्फटिक असतात. तो अपायकारक नाही. कडवट व कचकचीत लागतो, इतकेच. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवतात. ओतताना मानेमागे मेणबत्ती किंवा मोबाइलचा दिवा धरतात आणि गाळाची काळी रेघ बाटलीच्या खांद्यापाशी सरकताना दिसली की हात थांबवतात.

हवेच्या परिणामाविषयी एकमत नाही. फिरकीचे झाकण असलेल्या बाटल्यांत कधीकधी हायड्रोजन सल्फाइड व मरकॅप्टन या गंधकयुक्त संयुगांचा दर्प (जळलेली काडी, उकडलेली अंडी) साठतो. ओतताना त्यातला बराच उडून जातो, आणि त्यापुढे फळांचा वास जाणवू लागतो. तासाभरात टॅनिन रासायनिकदृष्ट्या मऊ होते, हा लोकप्रिय समज मात्र संशयास्पद आहे. बोर्दोचे मद्यतज्ञ एमिल पेनो यांनी तर गाळ असेल तरच, आणि पिण्याच्या अगदी आधी, डिकँट करावे असे मत मांडले. अधिक हवेने सुगंध विरतो, असे त्यांचे म्हणणे. नाजूक, जुन्या वाइनपुरते ते रास्त आहे. स्वस्त, तरुण, बंदिस्त (वास दबलेल्या) वाटणाऱ्या रेड वाइनला अर्धा-पाऊण तास मोकळी हवा मिळाल्याने नुकसान होण्याची शक्यता कमी, फायद्याची जास्त.

सोलापूर जिल्हा मुख्यतः खाण्याच्या द्राक्षांसाठी ओळखला जातो. सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण नान्नजचे. वाइनची द्राक्षे अकलूज परिसरात (ता. माळशिरस) लावली गेली. तेथील फ्रातेल्ली या भारतीय-इटालियन उपक्रमाने सांजोव्हेझे, कॅबर्ने सोव्हिन्यों, शेनाँ ब्लां इत्यादी जाती आणल्या. सांजोव्हेझे किंवा कॅबर्ने यांच्या तरुण बाटल्या डिकँटिंगला उत्तम. शेनाँ ब्लांसारखी व्हाइट वाइन सहसा थेट पेल्यात.

खरा प्रश्न येथे उन्हाळ्याचा आहे. रेड वाइन 16 ते 18 अंश सेल्सिअसला वाढावी, असा संकेत आहे. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड देशांतला. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हा सल्ला निरुपयोगी ठरतो. 14 अंशांची वाइन अशा दिवसांत डिकँटरमध्ये पाऊण तास ठेवली तर ती विशीच्या वर जाते. मग अल्कोहोलचा भपकारा पुढे येतो व घसा जळतो; सोबत शेंगांची चटणी असेल तर अधिकच. म्हणून बाटली आधी फ्रिजमध्ये गार करावी, ओतल्यावर भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवावे आणि वेळ निम्म्यावर आणावा.

खास डिकँटर आवश्यक नाही. सरबताचा काचेचा जग किंवा स्टीलचे भांडे पुरते. जगातून, बाटली विसळून, पुन्हा तिच्यातच ओतली तरी हवा दुप्पट लागते. कल्हई नसलेला पितळी किंवा तांब्याचा तांब्या मात्र वापरू नये, कारण वाइन आम्लधर्मी असल्याने धातू तीत उतरतो. शिसेयुक्त काचेच्या जुन्या डिकँटरमध्ये एका संध्याकाळपुरती वाइन चालते, दिवसेंदिवस साठवू नये. धुताना साबण टाळतात, कारण त्याचा वास अरुंद मानेत रेंगाळतो. कोमट पाणी व मूठभर कच्चे तांदूळ घालून भांडे हलवले की डाग निघतात. पालथे घालून पूर्ण सुकवतात.