पन्नास सामने, पंचवीस विजय: हंगामाच्या मध्यावर संघ जोखण्याची पार्श्वभूमी

28 जानेवारी 2022 रोजी एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये बोस्टन सेल्टिक्स अटलांटाकडून हरले आणि त्यांच्या खात्यात 25 विजय, 25 पराभव जमा झाले. एनबीएचा हंगाम 82 सामन्यांचा, म्हणजे अर्ध्याहून अधिक प्रवास झाला होता. पूर्व विभागातल्या पहिल्या सहांतही संघ नव्हता. हंगामाच्या सुरुवातीलाच शिकागोविरुद्ध 19 गुणांची आघाडी घालवून झाली होती. त्या रात्री बोस्टनच्याच मार्कस स्मार्टने संघाचे प्रमुख खेळाडू जेसन टेटम आणि जेलन ब्राऊन पास देत नाहीत असं पत्रकारांसमोर बोलून दाखवलं होतं. 6 जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये तर 25 गुणांची आघाडी वाया गेली आणि यजमान संघाच्या आर. जे. बॅरेटच्या अखेरच्या क्षणीच्या बास्केटने सामना गेला. टेटम-ब्राऊन ही जोडी फोडा, असा सूर तेव्हा उघडपणे लागला होता.

तरीही आकडे वाचणारी काही मंडळी शांत होती. त्यांची नजर गुणतक्त्यातल्या विजयांवर नव्हती, गुणफरकावर, म्हणजे संघाने केलेल्या आणि प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या गुणांतल्या अंतरावर होती. ही सवय कुठून आली, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

एनबीएच्या सुरुवातीच्या वर्षांत संघाची ताकद मोजायचं साधन म्हणजे जिंकले किती आणि सामन्यामागे गुण किती. पण चेंडू किती वेळ धरून ठेवायचा यावर बंधनच नव्हतं. 22 नोव्हेंबर 1950 रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सना 19-18 असं हरवलं, तेही पूर्ण 48 मिनिटांच्या सामन्यात! प्रेक्षक कंटाळून पाठ फिरवतील या भीतीने 1954-55 मध्ये 24 सेकंदांचं घड्याळ आलं. त्यामागचा हिशेब सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांचा: रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून बास्केटच्या दिशेने साधारण 120 फटके मारतात, सामना 2,880 सेकंदांचा, भागाकार 24.

घड्याळाने खेळ वेगवान झाला, मात्र वेग प्रत्येक काळाचा आणि प्रत्येक संघाचा वेगळा राहिला. 1961-62 मध्ये संघ सामन्याला सरासरी 118.8 गुण करत, 1998-99 मध्ये 91.6. मग 105 गुण करणारा संघ चांगला की वाईट? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. यावरचा उपाय कॉलेज बास्केटबॉलमधून आला. नॉर्थ कॅरोलायनाचे फ्रँक मॅग्वायर आणि त्यांचे सहायक डीन स्मिथ 1950 च्या दशकाच्या अखेरीसच सामन्याऐवजी पझेशनमागे, म्हणजे चेंडू ताब्यात आल्याच्या दर खेपेमागे, किती गुण झाले हे मोजत होते. एनबीएत हे करायला लागणारी नोंदच पुष्कळ उशिरा सुरू झाली. आक्रमणातले आणि बचावातले रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेला चेंडू) वेगळे लिहिले जाऊ लागले 1973-74 पासून, खेळाडूनिहाय टर्नओव्हर (फटका न मारताच गमावलेला चेंडू) 1977-78 पासून. त्याआधीच्या थोर खेळाडूंनी चेंडू किती वेळा गमावला, हे कोणीच सांगू शकत नाही.

पुढचं मोठं काम डीन ऑलिव्हर यांचं. 2004 च्या पुस्तकात त्यांनी पझेशनचा हिशेब पद्धतशीर मांडला: फटके, वजा आक्रमणातले रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोचा (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीचा) ठरावीक हिस्सा. शिवाय सामना चार गोष्टींवर ठरतो आणि त्यांचं वजन सारखं नसतं, असंही सांगितलं. नेमबाजीला 40 टक्के, टर्नओव्हरला 25, रिबाउंडला 20, फ्री थ्रोला 15. या वजनांवर वाद घालता येईल, पण क्रम आजही बराचसा पटतो.

बेसबॉलमध्ये बिल जेम्स यांनी संघाने केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांवरून विजयांचं प्रमाण काढायचं सूत्र दिलं होतं. पुढे ह्यूस्टन रॉकेट्सचे सरव्यवस्थापक झालेले डॅरिल मोरी यांनी ते बास्केटबॉलला लावलं, तेव्हा घात 2 ऐवजी 13.91 निघाला. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की सामन्यामागे एक गुण जास्तीचा फरक म्हणजे हंगामात अडीच-पावणेतीन विजय जास्त. आपण क्रिकेटमध्ये नेट रनरेट पाहतो तो बरोबरी सोडवायला. इथे मात्र गुणफरक पुढचा अंदाज बांधायला वापरतात, कारण दोन-तीन गुणांनी लागणारे निकाल बऱ्याच अंशी नशिबाचे असतात आणि मोठ्या फरकाने जिंकणं सहसा तसं नसतं.

पण गुणफरक काय पाहू शकत नाही, तेही 2015 ने दाखवून दिलं. त्या जानेवारीत अटलांटा हॉक्सने 17 पैकी 17 सामने जिंकले आणि त्यांच्या पाचही सलामीच्या खेळाडूंना मिळून महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं गेलं. त्याच महिन्यात 13 तारखेला क्लीव्हलँड 19 विजय, 20 पराभवांवर होतं. त्यांचा मुख्य खेळाडू लेब्रॉन जेम्स आठ सामने बाहेर बसला होता, जे. आर. स्मिथ, इमान शम्पर्ट आणि टिमोफे मोझगॉव्ह नुकतेच अदलाबदलीत आले होते. उरलेल्या 43 पैकी 34 सामने क्लीव्हलँडने जिंकले आणि विभागीय अंतिम फेरीत हॉक्सला 4-0 असं धुतलं. जानेवारीतली क्लीव्हलँडची सरासरी ज्या संघाची होती, तो संघ तोवर अस्तित्वातच उरला नव्हता.

बोस्टनकडे परत येताना या दोन्ही बाजू लक्षात ठेवायला हव्यात. प्रशिक्षक इमे उडोका पहिल्याच वर्षाचे, डिसेंबरात कोविडने संघ इतका विस्कळीत की चाळिशीच्या जो जॉन्सनला बोलवावं लागलं. त्यातून गेलेले सामने बरेचसे अटीतटीचे होते, जिंकलेले मात्र दणदणीत. 25 जानेवारीला त्यांनी सॅक्रामेंटो किंग्जना 128-75 असं हरवलं. (या किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे; 2019 मध्ये हाच संघ वरळीच्या डोममध्ये इंडियानाशी खेळून गेला होता.) सावध विश्लेषक अशा 53 गुणांच्या विजयाला थोडी कात्री लावतात, कारण पन्नास सामन्यांच्या सरासरीत तो एकटाच एक गुण वाढवतो. कात्री लावूनही 25-25 या आकड्यामागे त्याहून बरा संघ दिसत होता. बोस्टनच्या रॉबर्ट विल्यम्सला प्रतिस्पर्ध्यांतल्या कच्च्या नेमबाजावर ठेवून मदतीला मोकळं सोडण्याची उडोकांची बचावाची रचना तोवर अंगवळणी पडली होती.

त्यानंतर सलग नऊ विजय आले. 10 फेब्रुवारीला सॅन अँटोनियोकडून डेरिक व्हाइट आला आणि बचाव आणखी घट्ट झाला. उरलेल्या 32 पैकी 26 सामने जिंकून बोस्टन 51-31 वर थांबलं, बचावात लीगमध्ये पहिलं. स्मार्ट वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला; 1996 च्या गॅरी पेटननंतर हा मान मिळवणारा पहिला गार्ड (चेंडू खेळवणारा, बास्केटपासून दूर खेळणारा खेळाडू). गंमत म्हणजे गुणफरकाच्या सूत्राने त्यांचे विजय 59 च्या आसपास निघतात. म्हणजे तक्ता अखेरपर्यंत मागेच राहिला.

अंतिम फेरीत गोल्डन स्टेटविरुद्ध 2-1 अशी आघाडी घेऊन ते 4-2 असे हरले. ऑलिव्हरच्या यादीतली दुसरी गोष्ट, टर्नओव्हर, तिथे नडली: टेटमने त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांत, 100 वेळा चेंडू गमावला. एकाच प्लेऑफमध्ये शंभरी गाठणारा तो पहिलाच खेळाडू.