विदर्भाच्या गाठी आणि गोदीचं काम

वऱ्हाडचा कापूस रेल्वेनं मुंबईला आणि तिथून बोटीनं विलायतेला जायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. या वाटेवर कापसाची दाबून बांधलेली गाठ किती हातांतून जायची ते पाहू. जिनातला, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्यातला हमाल, मालधक्क्यावरचा हमाल आणि शेवटी गोदी कामगार. यांतल्या शेवटच्यालाच १९४८ च्या कायद्यानं टोळीवाल्याच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या मर्जीतून सोडवलं. नोंदणी झाली, पाळीनं काम मिळू लागलं, काम नसलं तरी हजेरीचे पैसे हातात येऊ लागले. संघटनेचा वचकही होता, कारण माल उतरला नाही तर जहाज धक्क्यावर अडकून पडायचं.

कंटेनर, म्हणजे माल भरून यंत्रानं जशीच्या तशी जहाजावर चढवायची पोलादी पेटी, आला आणि तो वचक ओसरला. १९८९ ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं ते मुळातच यंत्रांवर. १९९७ मध्ये तिथल्या एका टर्मिनलचा करार खासगी कंपनीशी झाला.

खरा वाद मात्र कंटेनर भरायचा कुणी, यावर होता. १९४८ च्या कायद्यातला गोदी कामगार म्हणजे बंदरात किंवा ‘बंदराच्या आसपास’ मालाची चढउतार करणारा. हे ‘आसपास’ कुठवर? संघटनांचं म्हणणं, पेटी कुठंही भरा, काम गोदीचंच. मालवाहू कंपन्या म्हणत, पेटी कारखान्यातच बंद होते, मग गोदीचा संबंध काय? दुसरी बाजू जिंकली, आणि ती निव्वळ कायद्याच्या जोरावर जिंकली असं म्हणवत नाही. १९९७ मध्येच मोठ्या बंदरांना या कायद्यातून बाहेर काढायची वाट संसदेनं मोकळी केली. मुंबईत स्वेच्छानिवृत्तीनं माणसं कमी झाली.

काम मात्र संपलं नव्हतं. ते आठशे किलोमीटर आत आलं. आज १७० किलोची गाठ हिंगणघाट-वणीकडच्या जिनातून निघते आणि कंटेनरमध्ये रचली जाते ती जिनाच्या आवारात नाहीतर नागपूरच्या डेपोत. वर्धा जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) इथं तर ‘ड्राय पोर्ट’च, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनर हाताळायचं ठाणं, उभं करायचं ठरलं. नाव बंदराचं, पण तिथला हमाल गोदी कामगार नाही.

त्याच्यासाठी आहे १९६९ चा माथाडी कायदा. तोही कमी नाही : मालकानं मजुरीवर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम भरायची, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस. पण त्यासाठी नोंदणी लागते. दिवाळीनंतर परप्रांतातून येणारी, उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणारी टोळी मुकादमाच्याच वहीत राहते. शिवाय इथं अडून बसलं तरी कुठलं जहाज थांबत नाही. गाडी शेजारच्या तालुक्यातल्या जिनात जाते.