म्हणींची व्युत्पत्ती आणि शब्दकोटीचे संरक्षण

म्हण किंवा वाक्प्रचार नेमका कुठून आला याचा शोध आणि नव्याने रचलेल्या कोटीवर, घोषवाक्यावर रचनाकाराचा हक्क किती, हे दोन प्रश्न एरवी वेगळे मानले जातात. दोन्हींचा निकाल मात्र एकाच गोष्टीवर लागतो: तारीख असलेला लेखी पुरावा.

मराठीत वाक्प्रचारांच्या जन्मकथा उदंड आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा मागाहून रचलेल्या आहेत. सर्वांत लोकप्रिय उदाहरण ‘संक्रांत कोसळणे’चे. पानिपतचा संहार 14 जानेवारी 1761 रोजी झाला, तो संक्रांतीचा दिवस होता, म्हणून हा वाक्प्रचार पडला, असे सर्रास सांगितले जाते. तारीख खरी, सण खोटा. त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी, बुधवार होता. मकरसंक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, सौरवर्षावर चालते. हे वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा किंचित मोठे असल्याने सणाची इंग्रजी तारीख हळूहळू पुढे सरकते. 1863 साली संक्रांत 12 जानेवारीला होती, आज ती 14 किंवा 15 जानेवारीला येते. तोच हिशेब मागे नेला तर 1761ची संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास पडते, म्हणजे लढाईआधीच होऊन गेलेली. वाक्प्रचाराचे मूळ पंचांगातल्या संक्रांतीफलात शोधावे. तिथे संक्रांत ही देवी आहे. तिचे वाहन, वस्त्र, हातातले शस्त्र, भक्षण करीत असलेला पदार्थ हे दरवर्षी सांगितले जाते; ती जाते त्या दिशेला संकट, ती वापरते त्या वस्तूंची महागाई किंवा नाश. ‘अमक्यावर संक्रांत आली’ हे बोलणे समजायला एवढे पुरते, पानिपतची गरज नाही.

पानिपतने भाषेला दिले ते वेगळेच. ‘पानिपत होणे’ तर आहेच, शिवाय ‘भाऊगर्दी’. ‘गर्दी’चा जुना अर्थ दाटी नव्हे, तर धूळधाण, रणकंदन. भाऊसाहेबांच्या सैन्याची झाली ती भाऊगर्दी; पुढे अर्थ सौम्य होत लग्नमांडवातल्या रेटारेटीपर्यंत आला. विश्वासराव तिथे पडल्यामुळे ‘विश्वास पानिपतात गेला’ ही कोटीही झाली, आणि ती अजून वापरात आहे.

‘ध चा मा करणे’ची कथा 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी जोडलेली आहे. गारद्यांना दिलेल्या आज्ञेत ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, असे आनंदीबाईंच्या नावावर सांगितले जाते. वाक्प्रचारात ‘ध’चा ‘म’ नसून ‘मा’ आहे, कारण ‘धरावे’चे ‘मारावे’ होताना अक्षर बदलून वर कानाही द्यावा लागतो. खून ही नोंदलेली घटना आहे, अक्षरबदल ही आख्यायिका. नोंद करताना ही रेघ पुसू नये. ‘अटकेपार झेंडा लावणे’ला असा घोळ नाही, 1758मध्ये मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोहोचल्या, त्यावरूनच तो आला.

तपासाची रीत साधी, पण चिकाटीची आहे. आधी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857ची आवृत्ती पाहावी, मग मॅनवेरिंगचा 1899चा म्हणींचा संग्रह, मग दाते-कर्वे यांचा दोन खंडांतला महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश (1946) सुट्या शब्दांसाठी कामाचा. जुनी नोंद मिळाली म्हणजे जन्म तिथेच झाला असे नव्हे. म्हण त्याआधीपासून होती, एवढेच सिद्ध होते. नंतर शेजारच्या भाषा चाळाव्यात. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ हिंदीत जवळजवळ शब्दशः आहे, कन्नडमध्येही तिचे भावंड आहे. अशा म्हणीला एखाद्या गावाची किंवा नर्तकीची गोष्ट चिकटवली असेल तर ती बाजूला ठेवावी. शेवटी वस्तूची ओळख पटवावी. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरचे जीन. त्यात चिंध्या कोंबतात, म्हणून ‘खोगीरभरती’. इथे कुणा सरदाराची कथा लागत नाही. नेमके नाव, नेमका दिवस आणि एखादे चटकदार वाक्य, असे तिन्ही जिथे एकत्र येते तिथे संशय घ्यावा.

मालकी सांगण्याची जुनी सोय म्हणजे नाममुद्रा. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ही अभंगातली सही होय. सुटी ओळ म्हण होऊन निघाली की सही मागे राहते: ‘शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी’ हे तुकोबांचे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानी नसते. शिवाय मुद्रा सारखी असली की घोटाळा होतो. संत नामदेव आणि नंतरचा विष्णुदास नामा यांच्या रचना अशाच एकमेकांत मिसळल्या.

आजच्या कायद्यात प्रचलित म्हणीवर कुणाचाच हक्क नाही. नव्या कोटीची गोष्टही रचनाकाराला वाटते तितकी सोपी नाही. कॉपीराइट कायदा, 1957 मूळ साहित्यकृतीला लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे संरक्षण देतो. पण चार-सहा शब्दांची ओळ सहसा ‘कृती’ ठरत नाही. ‘देसी बॉईज’ या चित्रपटाच्या नावावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2015मध्ये नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसल्याचे स्पष्ट केले. ‘ये दिल मांगे मोर’वरून पेप्सी आणि कोका-कोला यांच्यात दिल्ली उच्च न्यायालयात झालेल्या दाव्यातही घोषवाक्याला कॉपीराइटचा आधार मिळाला नाही. कोट्यांचा संग्रह, विडंबनकविता, व्यंगचित्राखालच्या ओळीसकट चित्र यांना मात्र संरक्षण आहे.

कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. ती पुराव्याला उपयोगी पडते. साहित्यकृतीचे नोंदणीशुल्क 500 रुपये, मालावर वापरायच्या साहित्य वा कलाकृतीचे 2,000. डायरी क्रमांक, म्हणजे अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक, मिळाल्यावर हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते. मालावरच्या चित्रासाठी ट्रेडमार्क रजिस्ट्रीचा शोध-दाखलाही (तसाच ट्रेडमार्क आधी नाही याचा) जोडावा लागतो, आणि बरेच अर्ज याच कागदापायी रखडतात. टी-शर्टवाल्यांनी कॉपीराइट कायद्याचे कलम 15(2) वाचून ठेवावे: डिझाइन म्हणून नोंदवण्याजोगी, पण न नोंदवलेली नक्षी औद्योगिक पद्धतीने 50हून अधिक वस्तूंवर उमटली की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो.

धंद्यातल्या घोषवाक्याला खरा आसरा ट्रेडमार्कचा. अर्ज टीएम-ए नमुन्यात, ऑनलाइन शुल्क व्यक्ती व लघुउद्योगांना प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये, इतरांना 9,000. माल व सेवांचे एकूण वर्ग 45. महाराष्ट्र व गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी झाल्यावर चार महिने विरोधाला मुभा असते. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्ज फेटाळला जातो तो मुख्यतः ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9खाली: रूढ बोलीतला शब्दप्रयोग किंवा मालाचे नुसते वर्णन. ‘नाद खुळा’ कुणीही म्हणतो, त्यामुळे तेवढ्यावर हक्क सांगणे अवघड. ओळीत दुकानाचे नाव गुंफले, किंवा म्हणीतला एक शब्द फिरवून ती आपल्या मालाशी बांधली, तर वेगळेपण येते. नोंदणी नसली तरी ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे दुसऱ्याने आपला माल आमचा म्हणून खपवल्याचा, दावा करता येतो, पण त्यासाठी ग्राहक ती ओळ आपल्यालाच जोडतात हे जाहिराती, बिले, वापराच्या तारखा यांनी दाखवावे लागते. पगारी कॉपीरायटरने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणाराच. बाहेरून काम करणाऱ्याने म्हणून ओळ पाठवण्याआधी हक्कांचे कलम लिहून घ्यावे आणि कच्चे मसुदे तारखेसह जपावेत.