हागिओस

हागिओस : बायबलच्या नव्या करारात ‘पवित्र’ या अर्थाने सर्वाधिक वेळा, सव्वादोनशेहून अधिक ठिकाणी आलेला ग्रीक शब्द. देवापुढे धाक वाटणे या अर्थाच्या ‘हाझोमाइ’ या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. भाषाशास्त्रज्ञ हे कूळ संस्कृत ‘यज्’ धातूशी, म्हणजे ‘यज्ञ’ या शब्दाशी जोडतात.

जुन्या ग्रीकमध्ये हा शब्द तुरळक आढळतो. होमरच्या काव्यांत तो नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने काही विशेष पूज्य देवळांसाठी तो वापरला आहे. देऊळ, बळी, पूजासाहित्य यांसाठी रुळलेला शब्द होता ‘हिएरोस’. इ. स. पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिब्रू धर्मशास्त्राचे ग्रीक भाषांतर (सेप्टुअजिंट) सुरू झाले, तेव्हा ‘कादोश’ (पवित्र) या हिब्रू शब्दासाठी भाषांतरकारांनी हिएरोस बाजूला ठेवून हागिओस घेतला आणि त्याचे भाग्य उजळले.

‘वेगळा काढलेला’ हा अर्थ प्रवचनांतून नेहमी सांगितला जातो. पण तो अपुरा आहे. कोणासाठी वेगळा, हे महत्त्वाचे. जे देवाचे, ते हागिओस. जळत्या झुडपापाशी मोशेला जोडे काढायला सांगितले जाते, ते देव तिथे आहे म्हणून. एरवी ती रानातली साधी जमीन. वागणुकीचा प्रश्न या देवाचे असण्यातूनच उभा राहतो. “पवित्र असा, कारण मी पवित्र आहे” असे बजावणारा जुन्या करारातील लेवीय ग्रंथाचा 19वा अध्याय लगोलग शेताच्या कडेचे पीक गरीब व परक्यांसाठी राखायला, मजुराची मजुरी रात्रभर अडवून न ठेवायला आणि वजनमापे खरी ठेवायला सांगतो.

सोवळे स्पर्शाने मोडते. मार्कच्या शुभवर्तमानात (नव्या करारातील येशूचरित्रात) उलट घडते : पहिल्याच अध्यायात येशूला ‘देवाचा हागिओस’ म्हटले आहे आणि त्याच अध्यायात तो कुष्ठरोग्याला हात लावतो; शुद्ध होतो तो रोगी.

नव्या करारातील अनेक पत्रांचा लेखक, प्रेषित पौल याने अनेकवचनी ‘हागिओइ’ हे संबोधन सरसकट सर्व विश्वासूंना लावले. ग्रीसमधील करिंथ शहराच्या ख्रिस्ती मंडळीत तट पडले होते, भावाभावांत कोर्टकज्जे चालू होते, प्रभुभोजनात (येशूच्या स्मरणार्थ एकत्र घ्यायच्या भोजनात) कोणी उपाशी तर कोणी मद्यधुंद असे. तरीही तो त्यांना ‘पवित्र जन’ म्हणतो आणि मगच खडे बोल सुनावतो. हा क्रम फार मोलाचा आहे.

याच शब्दापासून झालेले ‘हागिआस्मोस’ हे भाववाचक नाम नव्या करारात 10 वेळा येते. पवित्र होत जाण्याची क्रिया त्यातून सूचित होते. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘पवित्रीकरण’ असा शब्द आहे. प्रभूच्या प्रार्थनेतील “तुझे नाव पवित्र मानले जावो” हे वाक्यही याच धातूच्या क्रियापदाचे.

पुढे चर्चने ठरवलेल्या संतांच्या नावामागे हा शब्द लागू लागला. आधुनिक ग्रीकमध्ये त्याचा उच्चार ‘आयिओस’ असा होतो. क्रीट बेटावरील आयिओस निकोलाओस या शहराचे नाव म्हणजे संत निकोलस.