नगरपालिका रिपनने आणल्या? नाही!

‘भारतात नगरपालिका व्हाइसरॉय लॉर्ड रिपनने 1882 मध्ये सुरू केल्या’ हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या तयारीत सर्रास घोकलं जातं. ते चूक आहे. मद्रासची महापालिका 1688 ची. 1850 च्या कायद्याने गावोगावी नगरपालिकांची वाट मोकळी झाली. मुंबईत 1872 च्या कायद्याने 64 पैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. आणि जोतीराव फुले? ते 1876 पासूनच पुणे नगरपालिकेचे सभासद होते, सरकारनियुक्त. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर करदात्यांचा पैसा उधळायला त्यांनी तिथेच विरोध केला. हा प्रसंग खरं तर प्रत्येकाला ठाऊक हवा. रिपनच्या 1882 च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावाने बिनसरकारी सभासदांचं बहुमत आणि निवडणुकीचं तत्त्व पुढे रेटलं. श्रेय तेवढंच.